पणजोबांची पेटी ऐकायला आर्काइव्हमध्ये जायचंय, काय तयारी करू?

पेटीची_पणती (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. माझं औषधांचं दुकान आहे, संशोधनाशी काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगते. माझे पणजोबा साधारण १९१५ ते १९३० या काळात एका नाटक कंपनीत पायपेटीवर (पायानं भाता मारायची हार्मोनियम) साथ करायचे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वारसांत अजून कुरबुरी आहेत. घरात त्यांचा एकच फोटो. त्यात ते पेटीमागे बसलेत, आणि त्यांच्यापेक्षा पेटीच जास्त दिसते. आजी म्हणायची, "त्यांची पेटी तबकडीत हाय." कुठल्या तबकडीत, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

८ ऑगस्ट २०२४ ला आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं थिएटर! त्या रात्री अर्धं गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं. तेव्हापासून डोक्यात बसलंय, की जे कुठंतरी शिल्लक आहे ते एकदा ऐकून तरी यायचं.

मुंबईतल्या एका संगीत-नाटकाच्या संग्रहाला मेल केली. उत्तर आलं, "प्रयोजन, हव्या असलेल्या साहित्याची यादी आणि ओळखपत्र पाठवा, मग वेळ देऊ." आता प्रयोजन काय लिहू? आणि यादी कसली? यादी माहीत असती तर त्यांना कशाला विचारलं असतं? कपाटं बघू देतात का? रेकॉर्ड लावून दाखवतात का? एका दिवसात उरकेल का? परतीची महालक्ष्मी एक्सप्रेस बुक करायची आहे.

खवचट_काका

पांढरे हातमोजे घ्या, भिंग घ्या, आणि जुना कागद उचलला की फुंकर मारा. सिनेमात तसंच करतात.

जुनी_तबकडी (पुणे)

काका, फुंकर मारलीत तर तिथली बाई तुम्हाला बाहेर काढेल. आणि हातमोज्यांचं उलटं आहे. कागदासाठी हात स्वच्छ धुवून कोरडे केले की पुरे. मोज्यांमुळे बोटांना पानाची कड कळत नाही आणि जीर्ण पान फाटतं. फोटो आणि निगेटिव्ह असतील तर मोजे लागतात, ते तिथेच देतात.

पणती, आता तुमचं. तीस वर्षं या नादात आहे म्हणून जरा लांबण लावतो.

वाचनालयात जातोय असं समजून जाऊ नका. कपाटं बघायला मिळत नाहीत. तुम्ही चिठ्ठी भरायची, आतून वस्तू येते, एका वेळी एक किंवा दोन. बॅग, पाण्याची बाटली, शाईचं पेन बाहेर. आत पेन्सिल आणि कोरे कागद, कुठे कुठे लॅपटॉप. आणि शाल न्या, चेष्टा नाही. टेपा आणि फिती जिथे ठेवतात तिथे बारमाही थंड आणि कोरडं ठेवावं लागतं, आणि ऐकायची खोली बहुधा शेजारीच असते. मे महिन्यात मी तिथे कुडकुडलोय.

मूळ तबकडी तुमच्यासमोर लावतील ही आशा सोडा. लाखेची ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी प्रत्येक वेळी सुईखाली थोडी झिजते. हातातून निसटली की काचेसारखे तुकडे. म्हणून ऐकायला मिळते ती तिची प्रत, हेडफोनवर. प्रत झालेली नसेल तर "करून कळवतो" म्हणतात, आणि त्या कळवण्याला आठवडे लागतात. टेपांचं तर आणखी नाजूक. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा लेप ओल धरून चिकट होतो. त्या आधी मंद आचेवर काही तास अक्षरशः भाजाव्या लागतात, मग एकदा वाजवून उतरवून घ्यायच्या. म्हणजे तुम्ही मागणी केल्यावर भट्टी लागते! महालक्ष्मीचं परतीचं तिकीट दोन दिवसांनंतरचं काढा.

आता यादी. तुम्ही "पणजोबांची पेटी" मागाल आणि ते म्हणतील, नाही. खोटं नाही बोलत ते. संग्रहाची सूची गायकाच्या नावावर लागते, फार तर नाटकाच्या किंवा रागाच्या. साथीदाराचं नाव तेव्हाच्या लेबलावर बहुधा नसेच. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला थिरकवाँसाहेब आणि सारंगीला कादरबक्ष होते हे आपण सांगतो, ते लोकांच्या आठवणींतून आणि लेखांतून आलेलं. तबकडी बिचारी गप्प असते. म्हणून पणजोबांना थेट शोधू नका. त्या कंपनीत त्या वर्षांत कोण गात होतं ते शोधा, त्या गायकांच्या तबकड्या मागा. आठ-दहाच मागा, पन्नास नकोत. प्रयोजनात साधं लिहा, "अमुक कंपनीच्या अमुक काळातल्या पेटीच्या साथीचा शोध, घरगुती नोंदींसाठी." पीएचडी असल्याचा आव आणू नका, त्यांना लगेच कळतं.

आणि दोन क्रमांक लिहून आणा. लेबलावर छापलेला असतो तो विक्रीचा क्रमांक. लेबलाच्या कडेला गुळगुळीत भागात खरवडलेला असतो तो मुद्रणाचा. दुसरा महत्त्वाचा, त्यावरून एकाच बैठकीत कोणकोणती पदं भरली ते जुळवता येतं.

मृण्मयी_एडिसन

छान धागा. इकडचा अनुभव लिहिते. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या परफॉर्मिंग आर्ट्सच्या सार्वजनिक वाचनालयात ब्रॉडवे नाटकांची चित्रमुद्रणं १९७० पासून जमवलेली आहेत. एक जुनं नाटक बघायला गेले होते. आधी वेळ घ्यायची, कशासाठी बघायचंय ते सांगायचं, तिथेच बसून बघायचं. प्रत नाही, घरी लिंक नाही, फोन काढायचा नाही. मला राग आला होता, करदात्यांचं वाचनालय आणि एवढी नाटकं कशाला! नंतर कळलं, की नट आणि तंत्रज्ञांच्या संघटनांशी करार करूनच ही मुद्रणं होतात, आणि बाहेर जाणार नाहीत या बोलीवरच त्यांनी होकार दिलाय. अट नसती तर मुद्रणच नसतं.

सगळ्यात लक्षात राहिलं ते वेगळंच. प्रेक्षकांचं हसू! पन्नास वर्षांपूर्वीचे लोक कुठल्या वाक्याला हसले ते ऐकू येतं. संहिता वाचून हे कधीच कळलं नसतं.

दिल्लीचा_मराठी

मृण्मयीताई म्हणताहेत ते इथेही लागू. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं अभिलेखागार आहे, १९८२ चं. तिथे मुख्यतः अभ्यासकांनी गावोगाव जाऊन केलेली ध्वनिमुद्रणं आहेत. ज्यानं जमा केलं त्याचा हक्क शाबूत राहतो. ऐकायला बसा खुशाल, पण प्रत हवी तर त्याची परवानगी. नाट्यसंगीताच्या तबकड्यांसाठी मात्र एवढ्या लांब येऊ नका. संगीत नाटक अकादमीचा संग्रह मंडी हाउसजवळ रवींद्र भवनात आहे, पण अकादमीच मुळी १९५२ ची. तुमचे पणजोबा त्याआधीचे. तुमचं काम मुंबई-पुण्यातच होईल.

खवचट_काका

आकाशवाणीकडे मागा की. त्यांच्याकडे ढीग असेल.

जुनी_तबकडी

काका, पेटीवाल्याला आकाशवाणीत शोधायचं? १९४० साली रेडिओनं पेटीला दारातून आत घ्यायचं बंद केलं, ते १९७१ पर्यंत. त्या तीस वर्षांत गायकाच्या मागे सारंगी सापडेल, पेटी नाही. जळगावच्या केळ्यात आंबा शोधल्यासारखं होईल.

पेटीची_पणती

बाप रे, केवढी माहिती. पेटीवर बंदी होती हे आजीनं कधी सांगितलं नाही. पणजोबा शेवटी शेवटी फार चिडके झाले होते एवढंच सांगायची.

जुनी_तबकडी काका, ती पेटी आमच्या माळ्यावर आहे. भाता उंदरांनी खाल्लाय, पण सुरांच्या पट्ट्या आहेत. फेकून द्यायचं ठरत होतं. तिचा काही उपयोग?

जुनी_तबकडी

फेकून!! अहो, ती घेऊन मुंबईला जाता आलं असतं तर तेच सांगितलं असतं.

कारण सांगतो. ७८ची तबकडी म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, हे पुढे ठरलं. सुरुवातीच्या काळात मुद्रण ७४लाही झालेलं असतं, ७६लाही, ८०लाही. ७४ची तबकडी ७८ वर लावली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो. काळी एकची पांढरी दोन, म्हणजे पेटीवरची लगेच पुढची पट्टी, होते, गायक उगाच पातळ आणि घाईत वाटतो. "पूर्वीचे लोक काय वरच्या पट्टीत गायचे" असं म्हणत आपण माना डोलावतो, त्यातलं काही कर्तृत्व मोटरचं असतं.

पण पेटीचे सूर ठरलेले. ती दोन पट्ट्यांच्या मधे वाजूच शकत नाही. म्हणून जुन्या मुद्रणात पेटी ऐकू आली तर तिच्यावरून वेग पकडता येतो. तुमच्या पेटीची काळी एकची पट्टी (आतली सूर देणारी पत्ती) काढा, साफ करा, तोंडानं हळू फुंका, फोनवरच्या ट्यूनरनं मोजा. तो आकडा लिहून न्या. संग्रहातल्या माणसाला विचारा, की उतरवताना वेग काय धरला होता. हा प्रश्न विचारलात की तुमच्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलेल.

एक अडचण आहे. १९२५ च्या आधीचं मुद्रण मायक्रोफोनविना, कर्ण्यात तोंड घालून केलेलं. जो कर्ण्याजवळ तो ऐकू येतो. साथ लांब बसायची, तबला तर बरेचदा नुसता संशय असतो. पेटी जरा बरी टिकते. पदाच्या आधी गायक सूर लावतो त्या दोन-तीन सेकंदांवर कान ठेवा.

मोडी_वाचक (सातारा)

माझे दोन आणे. तबकड्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. नाटक कंपनी म्हणजे चाळीस-पन्नास माणसांचा फिरता संसार. त्यांचे हिशेब असायचे, पगार, उचल, किराणा, रेल्वेचं भाडं, पडदे रंगवण्याचा खर्च. अशा वह्या कधी कधी संग्रहात येऊन पडतात आणि सूचीत चढत नाहीत, कारण त्या मोडी लिपीत असतात आणि वाचायला माणूस नसतो. "सूची न झालेलं काही आहे का" हे तोंडानं विचारा. मेलवर विचाराल तर "नाही" येईल.

कोल्हापूरच्या असाल तर घराजवळचं पुराभिलेखागार आधी गाठा. करवीर दरबारानं नाटकवाल्यांना दिलेल्या मदतीचे कागद सरकारी दफ्तरात शोधायचे असतात, कलेच्या संग्रहात नाही. तिथे कागद रुमालात बांधलेले येतील, गाठ कशी होती ते बघून ठेवा, परत तशीच मारावी लागते. हीच गोष्ट बंदीच्या नाटकांची. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली सरकारनं बंदी घातली, तेव्हा त्या नाटकाला सगळ्यात बारकाईनं कोणी वाचलं असेल तर पोलिसांनी आणि सरकारी भाषांतरकारांनी. आमच्या सरांचं म्हणणं होतं, की नाटकाला जपलं रसिकांनी आणि नाटकाचे कागद जपले त्याच्या वैऱ्यांनी.

काळा_कोट

प्रतींबद्दल चुकीचं काही पसरू नये म्हणून थोडक्यात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, लेखनाचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, दोन्ही पुढच्या वर्षारंभापासून मोजायचे. म्हणजे १९२५ ची तबकडी कधीच मोकळी झाली. देवल, खाडिलकर मोकळे. मामा वरेरकर १९६४ ला गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०२५ पासून मोकळं. पण कायद्यानं मोकळं असलं म्हणून संग्रहानं प्रत दिलीच पाहिजे असं नाही. देणाऱ्याच्या अटी त्यांना पाळाव्या लागतात. भांडू नका.

तिसरी_घंटा

निघण्याआधी घरबसल्या जेवढं ऐकता येईल तेवढं ऐका. 'यंग इंडिया' आणि 'ओडियन' या लेबलांच्या जुन्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या संग्रहांच्या प्रकल्पातून डिजिटल झाल्यात. मुंबईच्या रेकॉर्ड संग्राहकांच्या सोसायटीतल्या सुरेश चांदवणकरांनी त्यावर फार कष्ट घेतले. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात त्या लायब्ररीच्या बऱ्याच सेवा बंद पडल्या होत्या, तेव्हा एक दुवा उघडला नाही तर हिरमुसू नका, दुसऱ्या वाटेनं शोधा. यूट्यूबवरचंही ऐका, पण तिथे वेगाचा आणि नावांचा काही भरवसा नाही.

खवचट_काका

मी एकदा माझ्या मामांच्या नाटकाचे फोटो शोधायला एका संस्थेत गेलो होतो. नाव घेत नाही. तीन खेपा. पहिल्या खेपेला किल्ली ज्यांच्याकडे त्या रजेवर. दुसऱ्या खेपेला त्या होत्या, पण कपाटाला पुट्टीचा वास म्हणून खोली बंद. तिसऱ्या खेपेला फोटो मिळाला, मागे पेन्सिलीनं लिहिलेलं, "अनोळखी नट". मी म्हटलं हे माझे मामा. त्यांनी तिथल्या तिथे एक फॉर्म दिला, नाव, नातं, कसं ओळखलं. आता त्या फोटोमागे मामांचं नाव आहे. म्हणून सांगतो पणतीबाई, घरातला फोटो बरोबर न्या. तुम्ही घ्यायलाच चाललाय असं समजू नका, त्यांनाही तुमच्याकडचं हवं असतं.

(हे मी चेष्टेत लिहिलेलं नाही, नोंद घ्यावी.)

पेटीची_पणती

मंडळी, जाऊन आले! दोन दिवस. सगळं लिहायला बसले तर दुकान उघडायचं राहील, म्हणून मुख्य तेवढं.

शाल नेली होती, वाचले. नऊ तबकड्या मागितल्या, सहा होत्या, त्यातल्या चारांच्या प्रती झालेल्या. एक तरुण मुलगा होता तिथे, त्याला वेगाचं विचारलं. तो आधी थबकला, मग खुर्ची ओढून शेजारीच बसला. म्हणाला, "नोंदीत सरसकट ७८ लिहिलंय, खरं काय ते मोजलेलं नाही."

तिसरी प्रत लावली. आधी नुसती खरखर, भर पावसात पत्र्याखाली उभं राहिल्यासारखी. मग पेटी. एकच सूर, धरून ठेवलेला, त्यात मधेच भात्याचा एक हलका हेलकावा. मग बाई गायला लागल्या आणि पेटी मागे गेली. तीन सेकंद असतील. मी ते अकरा वेळा ऐकलं. त्या मुलानं वेळ मोजायचं सोडून दिलं होतं.

घरच्या पट्टीचा आकडा नेला होता. रेकॉर्डवरचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मधे पडत होता! त्यानं प्रतीचा वेग हळूहळू उतरवला. ७६ ला आला आणि सूर आमच्या काळी एकवर येऊन बसला. त्यानं नोंदवहीत "वेग बहुधा ७६" असं लिहून घेतलं, कंसात माझं आडनाव.

मोडी_वाचक, तुमचंही ऐकलं. तोंडानं विचारलं, "सूची न झालेलं काही?" त्यानं वरिष्ठ बाईंना विचारलं, त्यांनी मला जरा न्याहाळलं, मग घरचा फोटो बघितला, मग एक वही आली. अर्धी वाळवीनं खाल्लेली. फोटो काढायला मनाई, म्हणून एक ओळ पेन्सिलीनं जशीच्या तशी उतरवून आणली. "गणु पेटी भाता" असं मला वाचता आलं, पुढे ११ रुपये. पणजोबांचं नाव गणपत! पण भाता दुरुस्तीला तेव्हा ११ रुपये म्हणजे फार नाही का?

जुनी_तबकडी

वा! ऐकून बरं वाटलं. पण एक सांगायलाच हवं. ७६ ला सूर पट्टीवर बसला म्हणजे वेग सापडला. ती पेटी तुमचीच असं त्यातून ठरत नाही. त्या काळातली कुठलीही नीट जुळवलेली पेटी तिथेच जवळपास बसली असती.

पेटीची_पणती

माहीत आहे काका. त्या मुलानंही तेच सांगितलं. तरी अकरा वेळा ऐकलं.

मोडी_वाचक

ते अकरा नाहीत. एकापुढे नुसती उभी रेघ असेल तर ती पाव. १। म्हणजे सव्वा रुपया, एक रुपया चार आणे. तुमच्या उताऱ्यात दुसरा आकडा पहिल्यासारखा वळलेला आहे की सरळ रेघ?

पेटीची_पणती

सरळ रेघ आहे. अरे देवा. मग सव्वा रुपयात भाता दुरुस्त झाला?

मोडी_वाचक

थांबा, भाता की भत्ता? मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत. जोडाक्षर एकेरी लिहायचीही सवय. "भता" असेल तर ते भत्ता, म्हणजे गणूला सव्वा रुपया हातात मिळाला. "भाता" असेल तर पेटीवर खर्च झाला. सगळं त्या भ पुढच्या कान्यावर आहे. उताऱ्यात काना काढलाय तो वहीत होता, की तुम्ही भाता डोक्यात धरून काढलात?

पेटीची_पणती

खरं सांगू? शपथेवर नाही सांगता येणार. माळ्यावरचा उंदरांनी खाल्लेला भाता डोळ्यांपुढे होता.

परत वेळ मागितलीय, १९ तारीख मिळाली. शाल आहेच, या खेपेला भिंग पण नेते. खवचट काका, हसू नका.

खवचट_काका

हसत नाही. माझं घेऊन जा, दहापट मोठं दिसतं. फुंकर मात्र मारू नका.